पाण्याची पाळी

कंपालाला जायचं ठरलं तेव्हा आमच्या गल्लीत दोनच प्रश्न विचारले गेले. पहिला, "तिथं वाघ-सिंह असतात ना हो?" आणि दुसरा, "तिथं कुंदा टिकेल का?" वाघ आफ्रिकेत नसतातच, हे शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेली मी सांगत राहिले, पण ऐकून कोण घेतो? जावयांची नोकरी औषधांच्या कंपनीत, त्यामुळे लेक आणि नातू युगांडात. म्हणून २०२३ च्या जानेवारीत आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी निघालो. कुंदा टिकला. दोन दिवस. पुढं त्याला टिकायला वेळच मिळाला नाही.

आमच्या ह्यांना रोटरीचं वेड. कुठल्याही गावी गेले तरी तिथली रोटरीची बैठक चुकवायची नाही, हा नेम. मी सहसा जात नाही, कारण त्या बैठकांतली भाषणं मला पेंगवतात. पण कंपालात दुपारभर फ्लॅटमध्ये बसून कंटाळा आला होता, म्हणून गेले. त्या संध्याकाळी तिथं चार पाहुण्यांची ओळख करून देण्यात आली. दोघी बाया, दोघे पुरुष, सगळे तिशी-पस्तिशीतले, चार वेगवेगळ्या देशांतले. 'पीस फेलो' असं त्यांना म्हणत होते. शांततेसाठी शिष्यवृत्ती! मला वाटलं, आता कबुतरं उडवणार.

तसं काही झालं नाही. नंतर थोडी चौकशी केली तेव्हा कळलं की हे बरंच जुनं काम आहे. रोटरी २००२ पासून जगातल्या निवडक विद्यापीठांत शांतता आणि विकास या विषयांच्या अभ्यासासाठी माणसं पाठवते आणि शिक्षण, राहणं, जेवण, येण्याजाण्याचा सगळा खर्च उचलते. आफ्रिकेतलं पहिलं केंद्र कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात २०२१ साली सुरू झालं. वर्षाला दोन तुकड्या, एका तुकडीत जास्तीत जास्त वीस जण. कोवळी पोरं नव्हेत, किमान पाच वर्षं कुठंतरी काम केलेली माणसं. आधी दोन आठवडे घरबसल्या अभ्यास, मग दहा आठवडे विद्यापीठात, मग नऊ महिने परत आपल्या गावी जाऊन ठरवलेलं एक काम प्रत्यक्ष करायचं आणि शेवटी एक आठवडा पुन्हा कंपालात येऊन काय साधलं, काय फसलं ते सांगायचं. मला यातले ते नऊ महिने आवडले. प्रमाणपत्र घेऊन पळून जायची सोय नाही.

जेवणाच्या वेळी त्यांतली एक माझ्या शेजारी बसली. उंच, सडपातळ, डोक्यावर फिकट निळी ओढणी. कुठून आलात विचारलं तर म्हणाली, "मोयाले." मला कळलं नाही हे तिच्या लक्षात आलं. तिनं टेबलावर बोटानं एक रेघ ओढली. "ही केनियाची सरहद्द. इकडं मोयाले. तिकडं इथिओपिया. आणि तिकडंही मोयालेच." एकाच नावाचं गाव, मधून दोन देशांची रेघ. मी म्हटलं, "आमचंही गाव सरहद्दीवर. देशांच्या नव्हे, दोन राज्यांच्या." तिनं लगेच विचारलं, "मग घरात भाषा किती?" हा प्रश्न सरहद्दीवरचंच माणूस विचारू शकतं. मुंबई-बंगळूरच्या माणसाला सुचायचा नाही. मी म्हटलं, "दोन. आणि भांडायला तिसरी." ती खळखळून हसली आणि आमची ओळख पक्की झाली.

तिचं नाव इथं देत नाही. तिनंच नको म्हटलं. गावी जाऊन काम करायचं तर नाव फार फिरलेलं बरं नसतं, असं तिचं म्हणणं.

कंपालात सगळीकडं मोटारसायकलवाले भाडं मारत असतात, त्यांना 'बोडा-बोडा' म्हणतात. हा शब्द कुठून आला ते तिनंच सांगितलं. केनिया-युगांडा सरहद्दीवर बुसिया नावाचं गाव आहे. तिथं दोन्ही चौक्यांच्या मधला पट्टा लोकांना ओझी घेऊन चालत ओलांडावा लागे. साठ-सत्तरच्या दशकात सायकलवाले तिथं उभे राहून ओरडत, 'बॉर्डर! बॉर्डर!' त्याचंच बोडा-बोडा झालं आणि मग सगळ्या पूर्व आफ्रिकेत पसरलं. सरहद्दीनं जगाला दिलेला एक तरी गोड शब्द आहे म्हणायचा. आपल्याकडं सरहद्द म्हटली की मोर्चा, बंद आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा एवढंच आठवतं.

पुढं दर शनिवारी मी मकेरेरेला जाऊ लागले. लेक सोडायची आणि दोन तासांनी घ्यायला यायची. टेकडीवरचं हे विद्यापीठ १९२२ चं. टांझानियाचे न्येरेरे इथलेच विद्यार्थी. २०२० च्या सप्टेंबरात मनोऱ्याची पांढरी मुख्य इमारत आगीत होरपळली होती आणि मी गेले तेव्हा तिची पुन्हा उभारणी चालली होती. २०२४ मध्ये ती परत उघडली, हे नंतर लेकीनं फोनवर सांगितलं. पण माझ्या लक्षात राहिले ते तिथले मारबू करकोचे. माणसाच्या छातीपर्यंत येणारे, टक्कल पडलेले, गळ्याखाली पिशवी लोंबणारे, निवृत्त मामलेदारासारखे झाडांवर आणि कचऱ्याच्या डब्यांजवळ गंभीरपणे उभे. नातू त्यांना भ्यायचा. मला मात्र त्यांच्या चालीत आमचे एक जुने हेडमास्तर दिसत.

विद्यापीठाच्या खाली वांडेगेयाचा बाजार. तिथं 'रोलेक्स' मिळतं. घड्याळ नव्हे! तव्यावर अंड्याचं ऑम्लेट, त्यावर चपाती, थोडा कोबी-टोमॅटो आणि गुंडाळी. 'रोल्ड एग्ज'चं झालं रोलेक्स. चपाती गेली आपल्याकडून. दुकानाला 'डुका' म्हणतात, तोही शब्द आपल्याला घरचाच वाटतो. ती रोलेक्स खायची, मी केळी खायची आणि आमच्या गप्पा चालायच्या. ती मला 'मामा' म्हणे. तिकडं वयानं मोठ्या बाईला आदरानं 'मामा' म्हणतात, म्हणजे आई. हे ऐकून आमच्या ह्यांनी मला घरातही 'काय मामा' सुरू केलं, ते परत येईपर्यंत बंद झालं नाही.

तिच्या घरची गोष्ट तिनं एकदम सांगितली नाही. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी सांगितली. वडील बोराना, आई गब्रा. मोयाले आणि मार्साबित भागातल्या ह्या दोन मोठ्या जमाती. बोराना गाई पाळतात, गब्रा उंट. दोघांचं जगणं गुरांमागं फिरण्याचं. मी विचारलं, "मग घरात आई कुठली भाषा बोलायची आणि वडील कुठली?" ती म्हणाली, "एकच." मला वाटलं माझं इंग्रजी कळलं नाही. पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "मामा, आमची भाषा एकच आहे. बोराना आणि गब्रा एकच भाषा बोलतात. एकमेकांना भेटलो की 'नगाया' म्हणतो, म्हणजे शांती आहे ना? तोही शब्द एकच."

मी गप्प झाले. आमच्याकडं 'ऊट आतेन्री?' विचारणारे आणि 'जेवलीस का गं?' विचारणारे वेगळे, म्हणून आपण समजतो की भांडण भाषेचं. इथं तर भाषा एक, अभिवादन एक, आणि तरी माणसं मेली होती.

कशी मेली तेही तिनं सांगितलं. १२ जुलै २००५ च्या पहाटे तुर्बी नावाच्या गब्रांच्या गावावर हल्ला झाला. साठच्या आसपास माणसं गेली, त्यांत वीसहून जास्त लहान मुलं. गावातली प्राथमिक शाळाही सुटली नाही. ती तेव्हा शाळेतच शिकत होती, मोयालेला. पुढच्या वर्षी, १० एप्रिल २००६ ला, या दोन जमातींत समेट घडवायला पुढारी लष्कराच्या विमानानं मार्साबितला निघाले. त्या भागातले खासदार त्यात एकत्र बसले होते, एकमेकांचे विरोधकसुद्धा. विमान मार्साबितजवळ डोंगरावर आदळलं. सतरापैकी चौदा जण गेले, त्यांत पाच खासदार. "शांतता करायला निघालेलेच गेले," ती म्हणाली. "माझी आजी म्हणायची, आता आकाशालाही नको आहे." तरी लोकांनी सोडलं नाही. २००९ साली मैकोना आणि वाल्दा या गावांच्या नावांनी ओळखला जाणारा समझोता झाला. त्यात चोरी झाली तर काय भरपाई, खून झाला तर काय, सगळं गुरांच्या हिशेबात ठरवून टाकलं.

मग पुन्हा कसं बिघडलं? तर २०१० मध्ये केनियात नवी राज्यघटना आली. जिल्ह्यांना, तिथं त्यांना काउंटी म्हणतात, स्वतःचा गव्हर्नर आणि स्वतःचा पैसा मिळाला. २०१३ च्या मार्चात पहिली निवडणूक झाली. खुर्ची एक, जमाती अनेक. चांगल्या हेतूनं केलेल्या कायद्याची ही गंमत. डिसेंबरात मोयालेत बंदुका चालल्या. हजारो लोक पळाले. पळाले कुठं? तर रेघ ओलांडून इथिओपियात. "चालत गेलो," ती म्हणाली. "परदेश आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे." वडिलांचे नातेवाईक म्हणत, बायकोला तिच्या माणसांकडं पाठव. आईचे भाऊ म्हणत, तू मुलांना घेऊन ये. आई कुठंच गेली नाही. स्वयंपाकघरात बसून राहिली. "मी त्या दिवशी आईला विचारलं, मी कोण? ती म्हणाली, तू आधी भांडी घास."

मला ही बाई फार आवडली. न भेटताच.

त्यांच्या शेजारच्या वजीर भागातली एक बाई तिचा आदर्श. देखा इब्राहिम अब्दी. मी हे नाव कधी ऐकलं नव्हतं, तुम्हीही बहुधा नसेल. १९९२-९३ च्या सुमारास वजीरमध्ये सोमाली कुळांची आपसात लढाई जुंपली होती. दुष्काळ, शेजारच्या सोमालियातून आलेल्या बंदुका, सगळं एकदमच. बाजारात सुद्धा एका कुळाची बाई दुसऱ्या कुळाच्या बाईला बसू देईना. एका लग्नात काही बायका एकत्र आल्या आणि बोलता बोलता ठरलं की निदान बाजार तरी सगळ्यांना मोकळा करायचा. आधी शांतता नाही, आधी बाजार! कुणालाही विकता यावं, कुणालाही घेता यावं, आणि कुणी अडवलं तर बायकांनीच तिथं जाऊन उभं राहायचं. बाजार सावरला. मग त्या कुळांच्या म्हाताऱ्यांकडं गेल्या. त्यातही युक्ती अशी की सर्वांत लहान कुळाच्या म्हाताऱ्याला पुढं केलं, कारण त्याची कुणाला भीती नव्हती. १९९३ मध्ये म्हाताऱ्यांनी समझोता केला. या कामासाठी देखाबाईंना २००७ मध्ये 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये मोटार अपघातानंतर त्या गेल्या.

"त्यांना फेलोशिप कुणी दिली नव्हती," मी जरा खवचटपणे म्हटलं.

"नव्हती," ती म्हणाली. "म्हणून तर शिकायला त्यांना इतकी वर्षं लागली. मला त्यांच्याकडून दहा आठवड्यांत शिकायचंय."

तरी माझी शंका गेली नव्हती, आणि ती मी लपवलीही नाही. या फेलोशिप कुणाला मिळतात? पदवी हवी, इंग्रजी हवं, शिफारसपत्रं हवीत, पानपानभर निबंध लिहिता यायला हवेत. वजीरचा तो लहान कुळाचा म्हातारा यात कुठं बसतो? नैरोबीत २०१० मध्ये सुरू झालेलं आफ्रिकन लीडरशिप सेंटर आहे. तेही लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या साथीनं तरुण आफ्रिकनांना शांतता आणि सुरक्षेच्या अभ्यासासाठी अशाच फेलोशिप देतं. कामं चांगली. पण मला भीती ही की हुशार पोरगी गावातून उचलायची, तिला इंग्रजी शब्द द्यायचे आणि मग ती कुठल्यातरी मोठ्या संस्थेच्या पांढऱ्या जीपमध्ये बसून गावाकडं पाहुणी म्हणून येणार. आपल्याकडं काय वेगळं होतं? तालुक्याच्या शाळेतली पहिली आलेली मुलं आज कुठं आहेत ते मी सांगू शकते. एकही तालुक्यात नाही.

ती रागावली नाही. म्हणाली, "खरं आहे. आमच्यातले काही जातील. मीही जाईन कदाचित, माझ्या मुलीच्या फीसाठी. मी आधी दोन ठिकाणी अर्ज केले होते, दोन्हीकडून नकार आला. हे मिळालं म्हणून मी शहाणी आणि माझा शेजारी मूर्ख, असं नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "पण मामा, गावात राहून मला कधी बसून विचार करायला दहा आठवडे मिळाले असते का?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. घर सांभाळून नोकरी केलेल्या कुठल्या बाईजवळ असेल?

जाता जाता एक सांगते. माझ्या लेकीला हे सगळं ऐकून हुरूप आला, ती म्हणाली मी अर्ज करू का? नियम वाचले तर रोटरीच्या सभासदाची मुलं, नातवंडं, नवरा-बायको यांना ही फेलोशिप देतच नाहीत. वशिल्याला जागाच नको म्हणून. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! एरवी 'माझी ओळख आहे' हे त्यांचं पेटंट वाक्य. आता आशियाच्या केंद्रासाठी पुण्याच्या सिंबायोसिस विद्यापीठाची निवड झाली आहे, तेव्हा आपल्या भागातल्या मुला-मुलींनी जरूर चौकशी करावी. फक्त वडील रोटेरियन नाहीत ना, ते आधी बघावं.

वर्गात काय शिकवतात ते ती मला रोलेक्सच्या कागदावर काढून दाखवी. त्यातलं एक 'भांडणाचं झाड'. खोडावर लिहायचं भांडण. फांद्या-पानांवर त्याचे परिणाम. मुळांवर कारणं. ऐकायला बालवाडी. पण काढायला बसलं की घाम फुटतो, कारण आपण ज्याला मूळ समजतो ते पान निघतं. तिच्या झाडावर 'जमात' हा शब्द पानांत होता. मुळांत होतं पाणी.

तिथं बोअरहोल असतात, खोल, डिझेलच्या यंत्रावर चालणारे. कोरड्या दिवसांत दोन्ही जमातींची गुरं त्याच हौदावर येतात. पाळ्या लावलेल्या असतात. तुम्हाला वाटेल, मग झालं की! पण गाईला दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी लागतं. उंट आठवडाभर किंवा जास्तही येत नाही, पण आला की एकेक उंट शंभर लिटर पिऊन जातो. उंटांचा कळप येऊन गेला की हौद कोरडा. गाईवाला म्हणतो, आमचं पाणी चोरलं. उंटवाला म्हणतो, तू तीनदा प्यालास, मी एकदाच आलो. दोघंही खरं बोलतात. पाळी दिवसांवर लावली होती, ती लिटरवर लावायला हवी होती. तिचं नऊ महिन्यांचं काम हेच. दोन बोअरहोलवर दोन्हीकडच्या बायका बसवायच्या आणि कोण आलं, कधी आलं, किती जनावरं होती, याची वही ठेवायची. "एवढंच?" मी विचारलं. "एवढंच," ती म्हणाली. "आमच्या सरांनीही असंच विचारलं."

त्या शनिवारी मी तिला माझ्या माहेरचं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं.

खानापूर तालुक्यात आमची थोडी शेती आहे. मधे एक सामाईक विहीर. वडील असताना मोट होती, मग इंजिन आलं, मग मोटर. वडील गेल्यावर वाटणी झाली तेव्हा विहीर सामाईकच ठेवली आणि पाळी ठरली. सोमवार, बुधवार, शुक्रवार दादाचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार धाकट्याचे. रविवार भाजीपाल्याला. सगळं सुरळीत होतं. मग २०१२ च्या उन्हाळ्यात दोघांची विहिरीवर जुंपली, पाइप उचलून मारायला धावण्यापर्यंत. त्यानंतर दोघं बोलत नाहीत. माझ्या लेकीच्या लग्नात एक जण मुहूर्ताला आला, दुसरा जेवणाला. गावानं कारण तयारच ठेवलं होतं. धाकट्याची बायको बैलहोंगलची, कन्नड घरातली. 'कानडी सून आली आणि घर फुटलं.' ती येऊन नऊ वर्षं झाल्यावर भांडण झालं, हे कुणी मोजलं नाही. मी तरी कुठं मोजलं? खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात मीही तेच म्हणत होते. माझी आई स्वतः गोकाकची, कन्नड बोलणारी, आणि तरी.

तिनं सगळं ऐकून घेतलं. कोण बरोबर, कोण चूक, काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "मोटर किती वाजता सुरू होते?"

मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं मी दोघा भावांची समजूत घालत होते, देवाच्या, वडिलांच्या शपथा घालत होते, रडले होते. पण मोटर किती वाजता सुरू होते हे मला माहीत नव्हतं.

एप्रिलअखेर आम्ही परत आलो. मे महिन्यात माहेरी गेले. या वेळी दादाला काही बोलले नाही, धाकट्यालाही नाही. वहिनीजवळ बसले आणि विचारलं. "वन्सं, वीज कुठं ठरलेल्या वेळी येते?" ती म्हणाली. "थ्री फेज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. आमच्या वारांना बहुतेक रात्रीचीच. ह्यांचं वय झालं, गुडघे गेलेत. रात्री दोनला विहिरीवर कोण जाणार? गडी मिळत नाही." मग? "मग ह्यांनी सकाळी सातला मोटर चालू केली तर काय बिघडलं?" बिघडलं हे, की सकाळी सातला दुसऱ्याचा वार उजाडलेला असतो.

संध्याकाळी धाकटीकडं गेले. तिनं आधी "ऊट आतेन्री अक्का?" विचारलं, मग भाकरी वाढली, मग बोलली. तिलाही वेळा तोंडपाठ होत्या. कुठल्या दिवशी दादा किती वाजता येतात, किती वेळ मोटर चालते, सगळं. ती म्हणाली, "अक्का, मला कुणी विचारलंच नाही. सगळे म्हणाले कानडीनं केलं. मी म्हटलं, मग कानडीला कशाला विचारतील?"

मी भाकरीकडं बघत बसले. काय बोलणार?

वडिलांच्या वेळी मोट होती तेव्हा दिवस म्हणजे दिवस होता. पहाटे बैल जुंपायचे, दुपारी सोडायचे. विजेच्या काळात वाराला अर्थ राहिला नाही, वीज किती तास मिळाली याला अर्थ. दादा चोर नव्हता आणि धाकटा आडमुठा नव्हता. पाळी जुनी होती, एवढंच. मी दुसऱ्या दिवशी खानापुरातून शंभर पानी वही आणली आणि मोटरच्या खोलीत खिळ्याला टांगली. दोघी जावांना सांगितलं, वीज कधी आली, कधी गेली, मोटर कुणाची चालली, तेवढं लिहा. महिन्यानं तास मोजू. दादा म्हणाला, "मास्तरीण झालीस म्हणून आम्हाला गिरवायला लावतेस?" पण वही काढून फेकली नाही.

मोयालेची बातमी अधूनमधून फोनवर येई. त्यांच्याकडं सलग पाच पावसाळे कोरडे गेले होते, गुरं रस्त्याकडेला मरून पडली होती. ती गावी पोचली आणि पाऊस पडला. सगळ्यांना आनंद, आणि हिचं काम बंद! गुरं रानात पांगली, बोअरहोलवर कुणी येईना, वहीत लिहायला काही नाही. "मामा, मी शांतता मोजायला आले आणि शांतताच झाली," असा तिचा हसरा निरोप. वर्षाअखेरीस इतका पाऊस झाला की पुरानं रस्ते तुटले. पुढच्या वर्षी कोरडे दिवस आल्यावर कुठं वह्या सुरू झाल्या. तोवर तिला कंपालात जाऊन काय साधलं ते सांगायची वेळ आली होती. एका बोअरहोलवरची वही दोन महिने चालली. दुसऱ्या बोअरहोलवर कुणीतरी ती चूल पेटवायला वापरली. तिनं ते तसंच सांगितलं म्हणे. सरांनी विचारलं, कुणी वापरली, गब्रानं की बोरानानं? ती म्हणाली, "ज्याला थंडी वाजत होती त्यानं."

आमच्या खानापूरची वही मात्र चालली. आता पाळी तासांवर आहे. रात्रीची वीज असेल तेव्हा धाकट्याचा मुलगा दोघांचीही मोटर चालू करतो, आणि त्याबदल्यात दिवसाच्या विजेचा एक तास त्यांना जास्त. हे जावांनी ठरवलं. दादा आणि धाकटा अजून एकमेकांशी बोलत नाहीत. विहिरीवर समोरासमोर आले तर एक जण आकाशाकडं बघतो, दुसरा मोटरकडं. मी आता त्यांची समजूत घालत नाही.

मागच्या खेपेला गेले तेव्हा वही चाळली. एक ओळ मराठीत, एक कन्नडमध्ये. आकडे सुद्धा आपापले. मधे एका पानावर कुणीतरी हिशेब सोडून दळणाची यादी लिहिली आहे. मी पानाचा फोटो काढून मोयालेला पाठवला. तिला अर्थातच एक अक्षर वाचता येत नाही, पण उत्तर लगेच आलं, की यातली कुठली बाई जास्त नीटनेटकी? मी ते दोघींना सांगितलं नाही.

वही आता भरत आली आहे. दुसरी कुणी आणायची, यावर सध्या दोन्ही घरांत वाद चालू आहे.